टक् वाजेपर्यंत

आयोवा सिटी
१२ एप्रिल १९९९

लाडक्या मार्लिस,

तुम्ही सगळी मजेत असाल. मी ठणठणीत आहे. हार्डवेअरचं दुकान विकल्यापासून हात शिवशिवत होते, म्हणून काम धरलंय. बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूममध्ये लांबच लांब टेबलं मांडलीत. तिथे बसून आम्ही चौथीच्या मुलांचे निबंध तपासतो. एक ते सहा गुण. कागदावर नाव नाही, शाळा नाही, नुसता आकडा. शेजारी हेझल बसते, जुनी शिक्षिका. म्हणते, "व्हर्नन, निबंध तपासतोयस की खिळे निवडतोयस?" म्हटलं, "खिळे सरळ तरी असतात, बाई."

तुमच्या राज्याचे गठ्ठे इथेच येतात, हे मला काम धरण्याआधीच ठाऊक होतं. ते असो.

यंदाचा विषय, 'मला कोणी काय शिकवलं'. आतलं बाहेर सांगणार नाही अशी सही दिली आहे. तरी सांगतो. काल एक कागद आला : 'स्क्रू आधी उलटा फिरवायचा. टक् वाजलं की मग सुलटा. आजोबांना टक् लगेच ऐकू येतं. मला अजून'

तिथेच संपला.

मी चार दिले, हेझलने तीन. मग आमची टेबलप्रमुख लॉरेन आली.

"शेवट कुठाय, व्हर्नन? तीन."

"पोराची वेळ संपली असेल गं."

"वेळ संपल्याचे गुण नसतात. ओळखीचं पोर आहे का? असेल तर हात वर कर, कागद दुसऱ्या टेबलाला देते."

हात अर्धा वर गेला होता, मार्लिस. मग खाली घेतला. स्क्रू जुन्याच आट्यांत बसवायची ही युक्ती मी अर्ध्या गावाला शिकवली आहे, आणि दुसऱ्या गावांतही दुकानदार आहेतच. अक्षरावरून ओळखावं, तर तुझ्या कोरिनचं अक्षर मी शेवटचं पाहिलं ते तुझी आई गेली तेव्हा. नावाच्या स्पेलिंगमधले दोन्ही 'एन' उलटे काढायची. त्यानंतर आपण दोघांनीही एकमेकांच्या फोनची वाटच पाहिली. आता ती चौथीत आहे, आणि सख्ख्या नातीचं अक्षर मला ओळखता येत नाही.

तीनच पडले.

कोरिनला म्हणावं, आजोबांना एक ओळ लिही. कशीही. गुण देणार नाही.

उलटा मी फिरवलाय. कान लावून बसलोय.

तुझा बाबा