कप्तान हजर आहेत

ती. सौ. आत्यास,

तुझ्या थोरल्या भाच्याचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे, आतोबांचं कानाचं यंत्र आणि तुमच्या दारातली ती मांजर (मला पाहिलं की पाठ फिरवून बसते ती) या सगळ्यांची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. प्रभुकृपेने इकडे सगळं क्षेम आहे. निदान तुझी भाचेसून तरी खुशाल आहे. माझं काय ते पुढे येईलच.

मी चर्चमध्ये तरुणांचा पाळक आहे हे तू भेटेल त्याला सांगतेस, आणि मी विज्ञानकथांच्या वेड्यांच्या संमेलनाला चंदेरी कपडे घालून जातो हे मात्र कोणालाच सांगत नाहीस, हे मला ठाऊक आहे. माझं लग्न ठरताना तर तू ते एखाद्या आनुवंशिक आजारासारखं लपवलंस. (लग्नानंतर मी सासऱ्यांनाच तिकडे घेऊन गेलो. ते अजून विचारतात, पुढचं कधी?) तिथे दाताचा डॉक्टर यंत्रमानव असतो, बँकेतला कारकून आकाशगंगेचा बादशहा असतो, आणि दिवसभर कोणी कोणाला खरं नाव विचारत नाही. इतकी सभ्य माणसं मला चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींच्या बैठकीतही भेटलेली नाहीत.

आता झालं काय, की मोठ्या पाळकसाहेबांनी मला पुढारीपणाच्या शिबिराला पाठवलं. तिथे शिकवणारे गृहस्थ म्हणाले, उत्तम पुढारी तोच, जो नसला तरी कोणाला कळत नाही. बाकीच्यांनी ते लिहून घेतलं आणि जेवायला गेले. मी मनावर घेतलं. आपल्या घराण्याचा हा रोगच आहे. आजोबांना डॉक्टरांनी भरपूर चालायला सांगितलं, तर ते संध्याकाळी शेजारच्या गावात सापडले होते.

परत आल्यावर मी माझी दोन्ही वेडं एकत्र केली. चर्चमागच्या हॉलचं अंतराळयान केलं. घडीच्या खुर्च्या, कापड घातलेला पियानो, गळका नळ, सगळं यानात जमा. तरुण संघातल्या प्रत्येकाला हुद्दा दिला. गायनातली चष्मेवाली मुलगी दिशादर्शक, ढोल वाजवणारा दांडगोबा इंजिनवाला, वगैरे. यानात शिरलं की नाव घ्यायचं नाही, फक्त हुद्दा. आणि मधली मोठी खुर्ची कप्तानाची. तिच्यावर मी गाडीच्या जुन्या चंदेरी कव्हरातून शिवलेला पोशाख बसता करून ठेवला आणि वर हेल्मेट. आत कोणी नाही. मी स्वतः कप्तान झालो असतो तर शिबिर फुकट गेलं असतं. कप्तान दिसत नाही पण आहे, असं समजून प्रत्येकाने आपलं काम करायचं आणि काय केलं ते त्यालाच सांगायचं, असा नियम. (यात बरंचसं धर्मशास्त्रही बसत होतं, म्हणून मोठे पाळकसाहेब खूश.)

आत्या, खोटं वाटेल, पण पोरं बदलली. ज्यांना खुर्ची उचलून ठेव म्हटलं की कंबर धरायची, ती आजाऱ्यांना भेटायला जाऊ लागली. दांडगोबाने नळ दुरुस्त केला. मी दर रविवारी माझं एकेक काम त्यांच्यावर सोपवत गेलो आणि कोपऱ्यात बसून स्वतःवर खूश होत राहिलो. मग एका दुपारी दिशादर्शक माझ्याकडे आली आणि म्हणाली, शिंपीणबाईंकडे जायला हवं, कप्तानांनी सांगितलंय. मी म्हटलं, खेळ पुरे, असं कोणी सांगितलेलं नाही. तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन निघाली. मीही मागोमाग गेलो. चर्चमागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या या शिंपीणबाई स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या होत्या. उठता येत नव्हतं, हाक मारून मारून घसा बसला होता, आणि ही गोष्ट जगात कोणालाही माहीत नव्हती.

मी परत येऊन हेल्मेट काढून पाहिलं. आत काही नव्हतं, कव्हराचा रबरी वास फक्त. पण पोशाख उचलला तेव्हा खुर्ची गरम होती. कोणी आत्ताच उठून गेल्यावर असते तशी. खिडकीतून ऊन येत असणार, असं मी मनाशी ठरवलं. (खिडकी त्या बाजूला नाही. पण माणसाने काहीतरी ठरवायला हवं.)

त्यानंतर बारीकसारीक सुरू झालं. हॉल झाडणाऱ्या बाई चहा आणतात, त्यांनी एक कप कप्तानाच्या खुर्चीपाशी ठेवला आणि रिकामा ट्रे घेऊन माझ्यासमोरून गेल्या. मला वाटलं, बाई विसरल्या. मग उपासनेनंतर दारात मोठे पाळकसाहेब सगळ्यांशी हात मिळवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी हात पुढे केला, आणि त्यांनी माझ्या मागच्या माणसाचा हात धरला. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पोरं तर माझ्या अंगावरून हात लांबवून पियानोवरची पुस्तकं घेऊ लागली. कबूल करतो, पहिले काही दिवस मला अभिमानच वाटला. नसलो तरी कळत नाही, म्हणजे शिबिर पुरतं पावलं!

पावलं ते अंगलट आलं वडीलमंडळींच्या बैठकीत. तरुणांच्या पाळकाची जागा ठेवायची की काढून टाकायची, हे त्या दिवशी ठरायचं होतं. जागा गेली तर चर्चचं घरही जातं, हे तुला माहीत आहे, आणि हिने परवाच पडदे शिवले. मी घसा साफ करून बसलो होतो. पण माझी काही गरजच पडली नाही. वडीलमंडळींनी एकमुखाने ठरवलं की जागा राहावी, आणि तिच्यावर कप्तानांनाच कायम करावं. असा समजूतदार माणूस पुन्हा मिळायचा नाही. मी उठून म्हटलं, अहो, ते गाडीचं कव्हर आहे! अध्यक्षांनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कोणाला तरी खिडकी लावून घ्यायला सांगितलं. वारा येतोय म्हणाले.

वाईट कशाचं वाटतं सांगू? त्यांनी जे कौतुक केलं ते खरं आहे. तो माझ्यापेक्षा बरा आहे. पोरं त्याच्यापाशी बसून मनातलं बोलतात, आणि तो मध्येच त्यांना धूमकेतूची गोष्ट सांगत सुटत नाही. मी त्यांच्यासाठी जीव टाकला, आत्या, पण त्यांचं ऐकून घेतलं का, ते मला आठवत नाही.

तसाच घरी आलो. जेवणं आटोपली होती. ही माझं ताट पुसत होती आणि म्हणत होती, आज दोनदा मागून घेतलंत, बरं वाटलं. मी दारात उभा होतो. ती माझ्या खुर्चीकडे पाहून बोलत होती. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी इतक्या मोकळेपणाने हसली नव्हती. मी नंतर त्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला. काय लागलं ते तुला सांगायला नको. मला भीती वाटते. इतका वेळ थट्टेने लिहिलं, कारण थट्टा थांबवली की पत्र पुढे सरकत नाही.

असो. मोठ्यांना सलाम, लहानांना आशीर्वाद, मांजरीला काहीच नाही. पत्र हे एक बरं असतं, लिहिलेलं कोणी ना कोणी वाचतंच.

तुझाच,
भाचा

ता. क. : गुडघ्यांची सबब न सांगता येत्या रविवारी इकडे ये. अगदी पुढच्या बाकावर बस, आणि उपासना ऐन रंगात आली की उभी राहून मला माझ्या घरच्या नावाने हाक मार. लहानपणी तू अंगणातून ओरडलीस की मी चार गल्ल्या पलीकडून खेळ टाकून यायचो, तसल्या आवाजात. आतोबा हात धरून खाली बसवतील. बसू नकोस. मी आलो असं दिसेपर्यंत हाका मारत राहा.

ता. क. दुसरा : ते घरचं नाव नेमकं काय होतं, तेवढं आधी उलट टपाली कळव. आत्ता खाली सही करायला गेलो आणि अडलो. हिलाच विचारलं असतं, पण ती आत माझ्याशी बोलण्यात अगदी रमून गेली आहे.