तुमच्या मानेतली शीर

आप्पा, गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी माझी मान तपासली. थंड, चिकट मलम लावून मानेवरून यंत्र फिरवलं आणि पडद्यावर शीर दाखवली. "ही आतून अरुंद झालीय, आजी. इथली गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. त्याआधी कधी कधी एका डोळ्यापुढं अंधार येतो, हात लुळा पडतो, आणि लगेच सगळं ठीकही होतं. ती सूचना असते." ते बोलत होते आणि मला शहापुरातला आपला हातमाग दिसत होता.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी तुम्ही माझ्या लग्नाची साडी विणत होता. मी शेजारी धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेय. धोटा तुमच्या उजव्या हातातून गळून पडतो. तुम्ही डावा डोळा चोळता. "डोळ्याम्होरं पडदा पडल्यागत झालं गं." मी घाबरून उठते, तोवर तुम्ही धोटा उचलून हसताय. "गेलं बघ. आईला सांगू नगंस, लगीन म्होरं ढकलंल ती." निपाणीचं स्थळ मला लई आवडलं होतं. मी गप्प राहिले. पुन्हा तसंच झालं, तेव्हाही.

मग एका सकाळी तुम्ही मागावरच कलंडलात. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वैद्य म्हणाले, "अंगावरनं वारं गेलंय." आई तेल चोळत राहिली. उरलेली साडी शेजारच्या काकांनी पुरी केली. तुमचा विणीचा ठोका घट्ट, त्यांचा सैल. हात बदलला ती जागा बोटाला कळायची.

मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हाच कुणाला सांगितलं असतं तर? "त्या काळी उपायच नव्हता, आजी," ते म्हणाले. एवढं ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण दुसरी गोष्ट त्यांना सांगितलीच नव्हती.

लग्नादिवशी वऱ्हाड दारात आलं. तुम्ही दारालगतच्या सोप्यात खुर्चीवर, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. मी आईच्या कानाशी लागले, "आप्पास्नी आत न्हे की. पावणं काय म्हणतील?"

"हळू बोल. त्येंला समदं कळतंय गं."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग डाव्या हातानं भिंत धरून स्वतःच उठायला लागलात. अक्षता पडल्या तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत होता.

हे पत्र कुठं पाठवणार? लिहून उशाखाली ठेवीन. मुलांना मी आजवर सांगत आले, आप्पांना गर्दी सोसत नव्हती म्हणून ते अक्षतांना आत बसले. तुम्हाला माणसं आवडायची, आप्पा. मला तुमची लाज वाटली होती.