दवाने झाकलेली मागची काच

प्रिय सौ.,
इथल्या गारठ्यातून ऊबदार आशीर्वाद.

लेक खुशाल आहे. तिच्या गाडीच्या आरशांवर आणि मागच्या काचेवर तेवढं दव साचतं. शाळेतल्या कवितांत दवबिंदू किती गोड वाटायचे गं! गाडीतलं एक बटण दाबलं की आरसे आणि काच तापून ते उडतं म्हणे. पेट्रोल वाया नको म्हणून मी इंजिन बंद ठेवूनच तपासत बसलो. काहीच तापेना, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. तो हसला, "आजोबा, इंजिनाशिवाय ऊब कुठून येणार?"

आता इंजिन चालू करून बटण दाबलं की आरसे स्वच्छ होतात, काच नाही. बटण एकच, मग असं कसं? काचेकडची वायर निसटलीय, असं मेकॅनिक म्हणतो, परवा जोडणार.

तुझा गुडघा कसा आहे?

रोज ती कामाला निघाली की मी फाटकातून हात हलवतो. मी नाही दिसलो तरी चालेल, तिला मागची गाडी दिसू दे.

तुझाच,
गोंधळलेला म्हातारा