गाडीत उघडलेलं गाठोडं

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर रडूच येतं, म्हणून लिहिते. ह्यांना मंगळवारी दुकानातून पकडून नेलं. गुन्हा काय, तर म्हणे ब्राउन शुगर बाळगली! चहात साखर किती घालू हे ज्याला मला विचारावं लागतं, तो माणूस हे धंदे करणार!

दुपारी साध्या कपड्यांतले तिघे पोलीस आमच्या लॉन्ड्रीत शिरले. आम्हाला एका शब्दाने न सांगता धुवायला आलेलं एक गाठोडं उचललं, बाहेर त्यांच्या गाडीत नेलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने एक जण पुडी नाचवत आला. म्हणे, कोटाच्या खिशात सापडली. कोट कोणाचा, हे विचारायचीही गरज वाटली नाही त्यांना. सगळी गल्ली दारात उभी होती, पण पंच म्हणून त्यांतल्या एकालाही बोलावलं नाही. पंच त्यांच्याच गाडीतून आलेले, घरून डबा आणावा तसे! मग ह्यांचे खिसे चाचपले. आपली झडती मोठ्या अधिकाऱ्यासमोर घ्या, असं म्हणायचा हक्क असतो, हे आम्हाला नंतर वकीलबाईंकडून कळलं.

खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. वरच्या कोर्टात अर्ज केलाय. मिळाला तर कायम नोकरीतला जामीनदार लागेल. येशील ना? वहिनीला नमस्कार, ठमीला आशीर्वाद.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी


१३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. शांत डोक्याने विचार कर. पोलीस उगाच कुणाच्या दारात जात नाहीत. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. माझे एक स्नेही सांगत होते की, गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होते. ठमीचं लग्न जुळत आलंय. अशा वेळी माझ्यासारख्या मास्तराचं नाव कोर्टात नको. तू समजूतदार आहेस. तब्येतीला जप.

तुझ्या काळजीत,
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धूर निघतोय खरा, पण तो माझ्या डोक्यातून. न केलेला गुन्हा कबूल करा, असं वर्गातल्या पोरांना शिकवशील का तू?

काल जामीन झाला. वकीलबाईंनी विचारलं, गाठोडं दुकानातच का नाही उघडलं? सरकारी वकील म्हणाले, दुकानात जागा नव्हती. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, गाडी दुकानापेक्षा मोठी होती का? पुडीला सीलही आमच्यासमोर लावलं नव्हतं, चौकीत नेऊन लावलं. खटला चालेल, पण असल्या झडतीच्या भरवशावर माणसाला डांबून ठेवता येणार नाही, असं न्यायाधीश म्हणाले.

जामीनदार म्हणून समोरच्या सलूनवाल्याची बायको उभी राहिली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे ती. कारकुनाने नातं विचारलं, तर म्हणाली, समोर राहते. मला मान वर करवेना.

हे घरी आलेत. इस्त्री हातात घेतात, खाली ठेवतात. काही गिऱ्हाइकांनी न धुतलेलेच कपडे परत नेले. त्या तिघांचं काय गेलं? रोज त्याच गाडीतून आमच्या दारावरून जातात!

तुझा लोभ कुठे ठेवलायस, तेवढं कळव.

धाकटी


७ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी घे.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं. संध्याकाळी ठमीने स्वतः मुलाकडच्यांना फोन केला. आत्याच्या नवऱ्याला पोलिसांनी अडकवलंय, आम्ही त्यांच्या बाजूने आहोत, चालत असेल तर पुढे बोलू, म्हणाली. विचार करून कळवतो, म्हणालेत. म्हणजे काय, ते तूच समज. मी चिडलो, तर म्हणते कशी, बाबा, तुम्ही तर कोर्टाच्याही आधी निकाल लावलात.

रविवारी मी आणि तुझी वहिनी येतोय. तुझी माफी मागायची आहे.

ओशाळलेला,
दादा


१० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ये. ठमीला म्हणावं, आत्याचा जीव ओवाळून टाकलाय तुझ्यावरून.

माफी माझ्याकडे मागू नकोस. मी बहीण आहे, लगेच देऊन टाकीन. ह्यांच्याकडे माग. आणि घरात नको. दुकानात, गल्लीदेखत माग. ह्यांना दंडाला धरून नेलं, तेव्हा सगळे बघत होते.

धाकटी