घरच्यासारखं ऱ्हावा, सायेब

५ जानेवारी २०२५, इस्लामपूर

पोचलो एकदाचा. ड्युनेडिनहून निघालो तेव्हा अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, आणि इथे सकाळी तोंडातून वाफ निघतेय. कॉलेजचे विश्वजित सर गाडी घेऊन थेट मुंबईला आले होते. मी तिकडे न्यूझीलंडला पर्यटनशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रवासाचं मला काय कौतुक, असं त्यांना वाटलं असावं. पण उंब्रजला हायवेवर चहाला थांबलो तेव्हा मला गहिवरून आलं. माझं गाव. आता ओळखीचं कुणी उरलेलं नाही, तरी चहावाल्याला 'लय भारी झालाय' म्हणून घेतलं. विश्वजित हसले, म्हणाले, एवढी वर्षं बाहेर राहून भाषा टिकवलीत की.

इथे सहा आठवडे अभ्यागत प्राध्यापक. थोडं शिकवणं आणि बाकी संशोधन. विषय माझा लाडका, म्हणजे खेड्यातल्या घरात पाहुणा म्हणून राहणं. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, गाण्यांचा दणदणाट, हवेत मळीचा वास. स्वप्नालीला फोन केला तर तिने आधी विचारलं की स्वेटर घातलास का. बायको ती बायकोच. मग लेकीने, सोनमने, फोन हिसकावून घेतला आणि पुन्हा बजावलं. तिला वीस फेब्रुवारीला दहा वर्षं पूर्ण होतात, मी सोळाला निघायचं, आणि विमान चुकलं तर ती माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मी तिच्या गळ्याची शपथ घ्यायला निघालो होतो, स्वप्नाली ओरडली म्हणून माझ्या गळ्याची घेतली.

९ जानेवारी

वर्ग झकास चाललाय. पोरं लाजरी आहेत, पण एकदा हसली की थांबत नाहीत. त्यांना माझा सिद्धांत सांगितला. हॉटेलात पाहुण्याला बिल मिळतं, घरात पाहुण्याला बोलणी मिळतात, आणि ज्या दिवशी घरची बाई तुम्हाला 'ताट उचल की' म्हणून खेकसते, त्या दिवशी तुम्ही खरे पोचलात. पाहुणा आणि घरचा माणूस यांतली रेघ पुसणं, हेच आपलं काम. टाळ्या पडल्या. टाळ्या मला आवडतात, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

विश्वजितांनी राहायची सोय केलीय. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ, मेंढपाळ धनगरांची एक वस्ती आहे. तिथे अजून एकही पर्यटक गेलेला नाही. मला तर हेच हवं होतं.

१३ जानेवारी, वस्ती

इस्लामपूरचा हिरवा ऊस मागे पडला आणि दोन-तीन तासांत जमीन पार भाजल्यासारखी झाली. शाळवाची, म्हणजे ज्वारीची, ताटं कमरेएवढी, बाभळी, मधूनच पाण्याचा टँकर. वस्तीत आठ-दहा घरं. माझे यजमान धुळाअण्णा, साठीचे, पागोटं तांबडं, बोलणं मोजकं. पायांवर पाणी, कपाळाला भंडारा, आणि मग ते म्हणाले, 'घरच्यासारखं ऱ्हावा, सायेब.' मी हे वाक्य जगभर ऐकलंय. त्यांनी ते म्हटलं तसं कुणी म्हटलेलं नाही.

त्यांची बायको चंद्राबाई चुलीशी बसलेल्या होत्या, पण चूल विझलेली. भाकरी शेजारच्या घरून आली. भिंतीवर एका तरुणाचा फोटो आणि त्याला हार. अण्णांनी नंतर बाहेर नेऊन सांगितलं. धोंडिराम, एकुलता एक. गेल्या वर्षी मेंढरं घेऊन पश्चिमेला चालला असताना रस्त्यावर गाडीने उडवलं. तेव्हापासून चंद्राबाई एक शब्द बोललेल्या नाहीत, नीट जेवत नाहीत. दिवाळी झाली की इथली मेंढरं चाऱ्यासाठी बाहेर पडतात, यंदा अण्णांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, त्यांच्यापायी हललाच नाही. मला फार वाईट वाटलं.

१५ जानेवारी

काल संध्याकाळी थंडीने दात वाजायला लागले. माझं जाकीट कुचकामी. अण्णा आत गेले आणि एक काळं घोंगडं आणून माझ्या खांद्यावर टाकलं. जड, खरबरीत, मेंढराच्या वासाचं. धोंडिरामचं होतं, हे त्यांनी आधीच सांगितलं, लपवाछपवी नाही. मी नको म्हणालो असतो तर त्यांचा अपमान झाला असता.

तेवढ्यात चंद्राबाई उठल्या. माझ्याजवळ आल्या, खांद्याशी नाक नेऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग जाऊन चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, मला वाढलं आणि स्वतःही जेवल्या. दारात बायका जमा झाल्या होत्या. अण्णा पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. त्यांनी मला एवढंच विनवलं की जेवताना घोंगडं घेत जा आणि धोंडू बसायचा तिथे, खांबाला टेकून बसत जा. म्हातारी जगंल. मी हो म्हणालो. कुणीही म्हणालं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, अशी नोंद कुठल्या प्रबंधात मिळणार.

१८ जानेवारी

आज वाड्यात एक गोष्ट पाहिली. माडग्याळी जातीच्या एका मेंढीचं कोकरू रात्रीत मेलं होतं, आणि दुसऱ्या एका कोकराची आई साप चावून गेली होती. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत नाही, ढुशी मारून लोळवते. अण्णांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि पोरक्या कोकराच्या अंगावर बांधलं, चारही पाय नीट ओवून. मेंढीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि कास मोकळी केली. कोकरू शेपटी हलवत प्यायला लागलं.

मी विचारलं, कातडं किती दिवस ठेवायचं. ते म्हणाले, चार-आठ दिवस, पिलाच्या अंगातनं तिचंच दूध वाहायला लागलं की वासही तोच येतो, मग काढलं तरी चालतं. आणि कोकराला काही वाटत नाही का? 'त्याला काय वाटायचंय,' म्हणाले. 'भुकंलंय त्ये.' मी वहीत टिपून घेतलं. मजा वाटली.

२३ जानेवारी

चंद्राबाई बोलल्या.

मी खांबाला टेकून बसलो होतो. ताट पुढे सरकवून म्हणाल्या, 'धोंड्या, जेव की रं. निवाय लागलंय.' वस्तीभर बातमी गेली, कुणी नारळ आणला, कुणी गूळ. मी तिथेच सांगायला हवं होतं की बाई, मी इंद्रजित. घास तोंडात होता. अण्णांनी लांबूनच हात जोडले. म्हटलं, चार दिवस, एवढंच.

आणि मला ते आवडलं. इतक्या मायेने जेव म्हणून मला कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२७ जानेवारी

काही गोष्टी लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल. चष्मा तीन दिवस लावलेला नाही आणि दिसतंय लख्ख. फोन माझा चेहरा पाहून उघडायचा, आता उघडत नाही. बोट लावलं तर तेही चालेना. तळहात बघितले तर घट्टे पडलेत, काठीचे. मी काठी दोन आठवडे धरली असेल. आकडे घालून उघडला शेवटी, तेही दोनदा चुकून.

कर्नाटकातला एक व्यापारी मेंढरं बघायला आला होता. अण्णा घरी नव्हते. मी त्याच्याशी बोललो, भाव ठरवला, तो गेला. तो गेल्यावर लक्षात आलं की आम्ही कन्नडात बोललो. मला कन्नड येत नाही.

भिंतीवरच्या फोटोचा हार काढलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना सांगितलं, उद्या निघतो. चंद्राबाईंनी ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवून दिली. बस्स, तेवढंच.

संध्याकाळी सोनमचा फोन आला, व्हिडिओवर. मी 'सोनू' म्हणालो. ती हसली नाही. स्क्रीनकडे बघत राहिली, मग मान वळवून स्वप्नालीला म्हणाली, आई, बाबांच्या फोनवर कुणीतरी दुसराच माणूस आहे. मी म्हणालो, अगं मी, मीच. स्वप्नाली आली. तिने अदबीने विचारलं की हा फोन आपल्याला कुठे सापडला. अदबीने. माझ्या बायकोने मला.

मी ओरडलो, रडलो. तिला शब्द समजत नव्हते, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. मग फोन मेला. चार्जर सापडत नाही.

मला भीती वाटतेय.

४ फेब्रुवारी

आज पळालो. घोंगडं दारात टाकलं, पासपोर्ट खिशात, चालत डांबरी रस्त्यावर आलो. मागून सगळी मेंढरं आली. दगड मारले तरी वळेनात. एसटी आली, चढलो. कंडक्टरने तिकीट कुठलं विचारलं. इस्लामपूर म्हणायचं होतं. तोंडातून वस्तीचं नाव आलं. तो म्हणाला, 'आरं धोंडू, वस्ती हितंच हाय की, खुळा का काय?' सगळे हसले. खाली उतरवलं.

घरी आलो. घरी — मी घरी लिहिलं. वस्तीवर आलो. चंद्राबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. घोंगडं पुन्हा खांद्यावर टाकलं. मी ते ओढून घेतलं. थंडी होती.

९ की १०

विश्वजितांचा फोन अण्णांच्या मोबाइलवर आला. अण्णा म्हणाले, सर मेंढरांमागं गेल्यात. खोटं नव्हतं.

पासपोर्ट पाहिला. फोटोतला माणूस चष्मेवाला, गुबगुबीत. मी आरशात — आरसा नाहीच इथे. भिंतीवरचा फोटो तेवढा आहे. त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

इथे कुणी मला डांबलेलं नाही. दार उघडं आहे, रस्ता दिसतो. सगळे माझ्याशी मायेनं वागतात. हेच कुणाला सांगितलं तर काय सांगू.

सोनम. सोनम. सोनम. रोज लिहायचं.

१६ फेब्रुवारी

आज विमान.

निघायचं पहाटेपासून मनात हुतं. होतं. पण बांडी मेंढी अडली. पिल्लू आडवं आलेलं. माझ्याशिवाय कुणाचा हात जात न्हाई आत, असं सगळी म्हणाली, आणि हात घातला तर हाताला ठाऊक होतं. पिल्लू जगलं. दिवस गेला.

कडूसं पडून अंधारल्यावर अण्णा आले. माझ्या खांद्यावरचं घोंगडं त्यांनी हळूच काढलं, झटकून घडी केली आणि दांडीवर ठेवलं. म्हणाले, 'आता न्हाई लागायचं.'

मी बसूनच राहिलो. मला ओरडायचं होतं. आयनं ताट आणलं.

सोनम.

बाजाराचा दिवस

मागची पानं वाचली. कुणी सायेब लय हसत लिवतोय. त्याला वाटतं तो बघाय आलाय.

त्याची पोरगी. वीस तारीख होऊन गेली का. वाढदिवस. मी शपथ घेतली हुती. माझ्या गळ्याची.

मला जायचंय. मला जायचंय, कुणी तरी —

—

गाडी आली. आत्ता. लिहून घेतो.

विश्वजित सर आणि एक बाई, डोळे सुजलेले. स्वप्नाली. स्वप्नाली हाय ती. आणि पोरगी. माझी पोरगी, उंच झालीय. अण्णांनी त्यांना सांगितलं, सर सोळा तारखेलाच गेले. विश्वजितांनी सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडंही. नजर फुडं गेली.

पोरगी सरळ माझ्याजवळ आली. इतक्या माणसांत माझ्याच. म्हणाली, 'काका, तुम्ही माझ्या बाबांना पाहिलंत का?'

मी तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं. मी म्हणालो, 'सायेब गेलं की, बाळ. कवाच गेलं.' माझ्याच तोंडानं म्हणालो. ती रडाय लागली. मी हात फुडं केला तशी ती मागं सरली, आईला बिलगली.

आयनं तिला दूध दिलं. ती न्हाई प्याली.

आता गाडीत बसल्यात. काचंतनं बघतीया. गाडी वळवाय लागल्यात. पळत गेलो तर गाठीन, तिच्या नावानं हाक मारली तर ती उतरल, नावानं हाक मारली की कुठलंही लेकरू थांबतं. आय जेवाय बोलवतीया. थांब की, थांब, मी हितं हाय, मी तुझा — तुझं नाव — वर लिवलंय, मागच्या पानावर लिवलंय, बघतो, आत्ता बघ