चांगुणाबाईंची दृष्टी पूर्ववत झाल्याची नोंद रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, परभणी.

विषय: मौजे धोंडखेडा येथील नेत्रशिबिराच्या अहवालातील खोटी नोंद.
संदर्भ: शिबिर समितीचा अहवाल, दि. ४ मार्च १९७४.

महोदय,

मी धोंडखेडा येथे प्राथमिक शिक्षक आहे. दि. ११ फेब्रुवारी रोजी आमच्या शाळेत भरलेल्या शिबिरात माझी आई चांगुणाबाई हिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी रोज बदलावी असे बजावून डॉक्टर पुढच्या गावी गेले. परंतु समितीचे अध्यक्ष भुजंगराव यांनी कंपाउंडरास पट्टीला हात लावू दिला नाही. पट्ट्या समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सुटणार होत्या आणि पाहुण्यांची तारीख ठरत नव्हती.

२. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रंगा, डोळ्यात निखारा ठिवल्यावानी व्हायलंय." पट्टी ओली होती व तिला घाण वास येत होता. मी भुजंगरावांकडे गेलो. ते मंडपाची कमान बांधून घेत होते. "गुरुजी, दोन दिस कळ काढा. फोटूवाल्याला सांगून ठिवलंय," एवढेच ते बोलले. मी एक दिवस कळ काढली. ही चूक माझी आहे, तीही नोंदवावी.

३. चौथ्या दिवशी आईस बैलगाडीने पूर्णेस व तेथून रेल्वेने परभणीस नेले. पट्टी सोडताच पू वाहिला. डोळा काढावा लागला.

४. त्याच दुपारी पाहुणे आले. खाट रिकामी दिसू नये म्हणून शाळा झाडणाऱ्या सरजाबाई, ज्यांचे दोन्ही डोळे धडधाकट आहेत, यांना पट्टी बांधून आईच्या जागी बसविण्यात आले. पाहुण्यांनी पट्टी सोडून बोटे किती ते विचारले. त्यांनी दोन सांगितली. टाळ्या झाल्या. पुढे सरजाबाई आमच्या घरी येऊन रडल्या. "मास्तर, बस म्हनले, बसले. तुमच्या मायची खाट हाय, हे मला न्हाई सांगितलं."

५. अहवालात लिहिले आहे: 'चांगुणाबाई, दृष्टी पूर्ववत.' हे वाचून मला किळस आली. याहून सभ्य शब्द सापडला नाही. सदर नोंद रद्द करून चौकशी व्हावी.

६. आईच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला आहे. पुन्हा ऑपरेशन करशील का, असे मी भीत भीत विचारले. ती म्हणाली, "करते की. पन डाक्टर एकलाच येऊ दे." तरी डॉक्टर पाठवावेत, व ते येणार असल्याचे कृपया गावात कोणास कळवू नये.

उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्रपणे,
रंगनाथ सिताराम खिल्लारे
दि. ९ मार्च १९७४

सोबत: डोळा काढल्याचा दाखला, सरजाबाईंचा जबाब, अंगठ्यासह.