खाडीकडचे दिवे

जयगड,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. मृणालीवन्सं यांस,
नम्रताचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचा खोकला थांबला का? कुळथाचं पीठ पाठवतेय, शेजारच्या बाळाबरोबर. तो उद्याच्या गाडीने मुंबईला निघालाय, हे पत्रही त्याच्याच हाती. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं दगडी गडग्यापलीकडे चिमाकाकूंना ऐकू जातं, आणि त्यांना कळलं की गावभर दवंडी.

आधी चांगली बातमी. दिवे लागले. होमस्टेला पाहुणे यायचे तर घराभोवती उजेड हवा, हा तुमच्या भावाचा हट्ट. हट्ट गुरुप्रसादांचा आणि धावपळ माझी, हे नेहमीचंच. रत्नागिरीहून भावेश वायरमन आला, त्याला घेऊन मी अंगणभर फिरले. माडांच्या बुंध्याशी खालून वर जाणारा उजेड, गडग्याच्या कडेने बुटके दिवे, तुळशीपाशी एक. सगळे पिवळे घेतले, पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं. पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं आणि माड शेंड्यापर्यंत उजळले. मला माझंच कौतुक वाटलं. चिमाकाकू बघून म्हणाल्या, "आता लगीनच लावा कुणाचा तरी."

मागे, खाडीकडे, दिवे लावायचे नव्हते. मामंजींची होडी परत आली नाही, तेव्हापासून आईंनी हे कडक पाळलंय की त्यांचं उत्तरकार्य होईपर्यंत तिन्हीसांजेनंतर खाडीला उजेड दाखवायचा नाही, बुडालेलं माणूस उजेडाच्या वाटेने घरी येतं म्हणून. बारा वर्षं मागच्या खिडकीला गोणपाट आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला पहिली ताकीद तीच मिळाली. म्हणून भावेशलाही मी बजावलं होतं की मागे काही नको.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले, तर खालच्या धक्क्यापासून आपल्या मागच्या दारापर्यंत पायऱ्यापायऱ्यांना दिवे. त्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, वायर पुरायला जागा नाही, म्हणून त्याने सोलरचे ठोकले होते. कुणी जवळून गेलं की आपोआप लागतात, माणूस पुढे गेला की विझतात. "काकींनीच सांगितलं," भावेश म्हणाला. मी आईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या.

इथवर लिहून मी उठले, चहा केला, कपडे आत घेतले. आता लिहायलाच हवं.

वन्सं, ते दिवे लागतात. संध्याकाळी, धक्क्यापासून. एक लागतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. पायरीवर कुणी नसतं. सुरुवातीला अर्ध्या वाटेवरच्या चिंचेपर्यंत येऊन थांबायचे, मग रोज थोडे वर. तुमचे भाऊ तेव्हा बंदरात पाळीवर असतात, त्यांनी काही पाहिलेलं नाही. म्हणाले, मांजर असेल. मांजर रोज थोडं पुढे येऊन थांबतं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी घाबरले होते.

आई घाबरल्या नव्हत्या. त्या केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून मागच्या खोलीत बसायच्या. सोमवारी तुम्ही भटजींना घेऊन येणार, दर्भाचा पुतळा करून मामंजींना निरोप देणार, आणि मग आईंचं कुंकू जाणार. मी कार्याला बसणार नाही, असं त्यांनी तुम्हाला कितीदा सांगितलं. निरोपाआधी मामंजींना एकदा घरी आणायचं, म्हणून बारा वर्षांची रीत त्यांनी स्वतःच मोडली. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रडू फुटलं. रागवायचं कुणावर?

परवा दारापाशीचा दिवा लागला. फटीतून उजेडाची रेघ मोरीपर्यंत आली. मी कडी घट्ट धरून उभी राहिले. आईंनी माझा हात बाजूला केला, "सर गो बाय" म्हणाल्या आणि दाराची एक फळी उघडली. मी बाहेर पाहिलं नाही, तेवढी शूर सून तुम्हाला मिळालेली नाही. फक्त भिजलेल्या दोरखंडाचा वास आला. बऱ्याच वेळाने त्यांनी फळी हळूच लोटली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"ह्ये आपले न्हवत," म्हणाल्या. "आमचे ते पाय धुतल्याबिगर कंदी पायरी चडले नायत. ह्यो पोर हाय, कुणाचा तरी."

"दिसला तुम्हाला?"

"दिसला काय नाय. पन आपला मानूस कळतो गो." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "उजेड काय एकट्यालाच दिसतो?"

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी उंबऱ्याबाहेरची पायरी ओली होती. मी भावेशला दिवे काढायला बोलावलं, तर आईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "आपनच वर बोलावलाव त्येला," मला म्हणाल्या. "आता मदीच काळोख करू नको. ह्येच्या आयशीनं पन खिडकीला गोणपाट लावला आसंल."

तर आता कामाचं. आई सोमवारी कार्याला बसायला तयार आहेत. जे आपल्या कुणाला जमलं नाही, ते असं झालं. पण त्यांची एक अट आहे. पुतळे दोन करायचे. भटजींना आधीच विचारून ठेवा, ज्याचं नाव, गाव, गोत्र काहीच ठाऊक नाही, त्याला निरोप देता येतो का. ते नाही म्हणाले तर आई उठून जातील, मग मामंजीही तसेच राहतील आणि हाही. तुमचे भाऊ ऐकून चिडतील. त्यांना तुम्हीच सांगा, थोरल्या बहिणीपुढे त्यांचा आवाज चढत नाही. दर्भ जास्त आणा. आणि येताना पुढच्या दाराने या.

लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. दिवे दारापर्यंत आले आहेत. आई आतून दाराला पाठ लावून बसल्या आहेत आणि मघापासून हलक्या आवाजात बोलताहेत. मला वाटलं जप चाललाय, म्हणून जवळ गेले. त्याला सांगत होत्या, "सोमवारपर्यंत थांब रे बाबा. माजी लेक येतेय."

तुम्ही याच.

तुमची,
नम्रता